बिदरीचा काळा, स्पेक्ट्रमचा काळा

उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते इकडे आले, बिदर म्हैसूर राज्यात गेलं आणि बिदरीकाम, म्हणजे काळ्या धातूत चांदीची तार बसवून केलेली नक्षी, कागदोपत्री शेजारच्या राज्याचं झालं. २००६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेही तिकडेच. तरी लातूर-नांदेडच्या इतिहासात ही कारागिरी परकी मानायचं कारण नाही. इथे तिच्याशेजारी एक भलतंच नाव ठेवतो आहे: इंग्लंडमधल्या अ‍ॅशबी-द-ला-झूश गावची ‘अल्टिमेट प्ले द गेम’. टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांची ही कंपनी झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी खेळ करायची. स्पेक्ट्रम बाजारात आला १९८२ मध्ये; लातूर जिल्हाही त्याच वर्षीचा, पण तो निव्वळ योगायोग. दोन्ही कारखान्यांचं एकमेकांशी देणंघेणं नव्हतं. साधनातली उणीव झाकायची की तिच्यावरच चित्र उभं करायचं, या प्रश्नाचं उत्तर मात्र दोघांनी एकच दिलं, आणि शैली तिथून सुरू झाली असं माझं म्हणणं आहे.

बिदरीत जस्त आणि तांबं साधारण सोळास एक या प्रमाणात वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. निघतो तो करडा, निस्तेज धातू. हुक्क्याच्या बैठकीला किंवा सुरईला शोभावं असं त्यात काही नसतं. कानशीने घासून त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवलं की तो तात्पुरता काळवंडतो आणि छिन्नीची रेघ उजळ दिसते. त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवतात. पुन्हा घासलं की काळेपणा उडतो, आणि चांदी कुठली नि जस्त कुठलं हे चटकन कळत नाही. मग भांडं जरा तापवून बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळतात. लेप जस्ताला काळं करतो, चांदीला शिवत नाही. एरवी खोट वाटावी ती गोष्ट, म्हणजे धातूचं काळं पडणं, इथे नक्षीची जमीन होते.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके होते, पण रंगाची नोंद ठिपक्याची नव्हे, आठ बाय आठच्या चौकटीची. अशा ७६८ चौकटी, आणि एका चौकटीत दोनच रंग. स्मृती वाचवण्याची ही काटकसर. परिणाम असा की लाल माणूस हिरव्या झाडाजवळून गेला की एकाचा रंग दुसऱ्याला लागे. स्टॅम्पर बंधूंचा ‘जेटपॅक’ (१९८३) यातून सुटला नाही. १९८४ च्या ‘नाइट लोर’मध्ये मात्र त्यांनी भांडणच सोडलं: प्रत्येक खोली काळ्यावर एकाच रंगात. रंगाच्या बदल्यात तिरक्या कोनातून दिसणारे घनाकार दगड मिळाले, आणि त्यांच्यामागे जाताना बाह्यरेषा न मोडणारा नायकही.

यावर कोणी म्हणेल, यात निवड कसली? साधनाने भाग पाडलं. तसं असतं तर त्या यंत्रावरचे सगळे खेळ एकसारखे दिसले असते. प्रत्यक्षात कित्येकांनी रंगांची खिचडी पत्करली. बिदरी लखनौलाही होत असे, आणि तिथे उठावाचं काम व माशांची नक्षी पुढे आली. मर्यादा सगळ्यांना सारखीच असते, काय सोडायचं हे कारखाना ठरवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: शतकानुशतकं मुरलेली कला आणि चार महिन्यांत शिळा होणारा बाजारू खेळ यांची तुलना कशी करायची? पण पानदान आणि हुक्काही गिऱ्हाइकासाठीच घडत होते. फरक आहे तो पुढच्या वाटचालीत. यंत्रं सुधारली तशी स्टॅम्पर बंधूंची पुढची कंपनी, रेअर, १९९४ च्या ‘डाँकी काँग कंट्री’पर्यंत पोचली. त्यातली चित्रं महागड्या संगणकांवर घडवलेली, रंगांनी ओसंडणारी होती. काळी खोली मागेच राहिली. बिदरला ही मोकळीक नाही. गिऱ्हाईक तिथे काळंच मागायला येतं.