तळटीप : माळावरचे खोकड आणि ध्रुवीय कोल्हा

* लेखकाला येथे अभिप्रेत आहे ते छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या माळरानांवरचे खोकड. उत्तर ध्रुवाकडचा पांढरा कोल्हा याच्याच प्रजातीतला, म्हणून तुलना उद्बोधक ठरते. थंडीत टिकायला थोराड शरीर लागते असा समज आहे. पण ध्रुवीय कोल्हा बहुधा ३ ते ५ किलोंचाच असतो, खोकड २ ते ३ किलोंचे. खरा फरक उष्णता राखण्यात आणि सोडण्यात आहे. ध्रुवीय कोल्ह्याचे कान आखूड व गोलसर, तळव्यांनाही केस, आणि हिवाळी लव इतकी दाट की उणे ४० अंशांतही त्याला हुडहुडी भरत नाही. खोकडाचे कान मोठे, टोकदार. चाळिशीपार उन्हात ते बिळात पडून राहते आणि दिवस कलल्यावर उंदीर, टोळ, वाळवी, बोरे हुडकायला निघते.

मग शरीररचनाच सारे ठरवते, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. ध्रुवीय कोल्हाही पिढ्यानपिढ्या त्याच बिळांत वितो, आणि लेमिंग हे उंदीरवर्गीय प्राणी घटले की त्याची पिल्ले फारशी जगत नाहीत. खोकडाचे अनेक तोंडांचे बीळही न नांगरलेल्या माळातच टिकते. त्या माळाला पडीक समजून तिथे प्लॉट पाडले, तर मोठे कान त्याच्या काय कामाचे?