क्वेबेकचा पूल आणि काम थांबविण्याचा अधिकार

पोलादी कैचीचा पूल म्हणजे त्रिकोणांची जुळणी. चौकोनी सांगाडा दाबला की कलंडतो, त्रिकोण आपला आकार सोडीत नाही. या सांगाड्यातील काही दांड्यांवर ताण येतो, काहींवर दाब. ताणलेली दांडी दोरासारखी सरळ राहते. दाबलेली मात्र वेताच्या छडीसारखी, मोडण्याआधी बाजूला बाक घेते. हा भेद ध्यानात ठेवून पुढील हकीकत ऐकावी.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकजवळ पूल बांधावयाचा होता. मधला गाळा प्रथम १६०० फुटांचा योजिला होता. १९०० साली तो १८०० फुटांचा झाला. गाळा वाढला तसे वजनही वाढले, परंतु हिशेब जुन्या अंदाजावरच राहिला. चूक ध्यानात आली तेव्हा बरेचसे पोलाद घडून झाले होते. सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर यांनी वाढीव भार चालेल असा निर्णय दिला. प्रकृतीमुळे ते न्यूयॉर्क सोडीत नसत.

खालच्या बाजूच्या दाबाच्या दांड्या चार-चार जाड फळ्यांच्या होत्या. त्या फळ्यांना एकत्र धरणाऱ्या जाळीच्या पट्ट्याच कमकुवत होत्या. २७ ऑगस्ट १९०७ रोजी एका दांडीचा बाक सव्वादोन इंच भरला. आठवड्यापूर्वी तो पाऊण इंच होता. बाक मूळचाच असावा, असा वाद निघाला. निर्णय आणावयास माणूस न्यूयॉर्कला गेला आणि इकडे काम चालूच राहिले. २९ तारखेस कूपर यांनी भार वाढवू नका अशी तार केली, ती पेन्सिल्व्हेनियातील कंपनीच्या कचेरीला. क्वेबेकला निरोप पोहोचला नाही. त्याच संध्याकाळी, सुट्टी होण्याच्या सुमारास, पूल नदीत कोसळला. वरच्या ८६ जणांपैकी ७५ मेले. त्यांत ३३ जण काह्नवाके वस्तीचे मोहॉक कामगार होते.

चौकशी आयोगाने १९०८ साली दांड्यांच्या रचनेला दोष दिला. नवा पूल कितीतरी भारी केला. तरी १९१६ साली मधला भाग उचलताना तो पडून आणखी १३ जण दगावले. १९१७ मध्ये पूल पुरा झाला, तो आजही उभा आहे.

बाक दिसला होता, मोजलाही होता. पण जेथे तो दिसला तेथे 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कोणी वापरला नाही. तो अधिकार दूरच्या टेबलावर ठेवला की त्याची किंमत पुलावरचा माणूस देतो. म्हणून कामगार संघटना मजुरीइतकाच हा हक्कही मागते.