तिरळा डोळा आणि मेंदूची डेडलाइन

आमच्या खानदेशात तिरळं पोर 'लक्की' समजतात. जळगाव घ्या नाहीतर धुळे, बाळाचा एक डोळा नाकाकडे वळलेला दिसला की कोणीतरी आजी सांगणारच, "भाग्याचं लक्षण आहे. मोठं झालं की आपोआप सरळ होईल." पुढे शाळेत तेच पोर 'चकणं' होतं, ती गोष्ट वेगळी.

'भाग्याचं लक्षण' हे आपण हसून सोडून देऊ. पण 'मोठं झालं की' हे शब्द फार महाग पडतात.

प्रत्येक डोळा फिरवायला सहा स्नायू असतात. दोन्ही डोळे एकाच जागी वळले नाहीत तर मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रं जातात. मोठ्या माणसाला अचानक असं झालं तर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात आणि तो घाबरून डॉक्टर गाठतो. लहान मुलाचा मेंदू मात्र एका डोळ्याचं चित्र बंदच करून टाकतो. (आमच्या भाषेत सांगायचं तर दोन कॅमेऱ्यांचे फीड जुळेनात, म्हणून एकाची केबल काढली.) नेहमी एकच डोळा वळत असेल तर मेंदू तो डोळा वापरायला शिकतच नाही. याला म्हणतात आळशी डोळा, म्हणजे ॲम्ब्लियोपिया. नाव अन्यायाचंच, कारण बिचारा डोळा धडधाकट असतो.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. भुसावळजवळच्या गावातला मुलगा. २३व्या वर्षी लेखी परीक्षा पास होऊन सरकारी नोकरीच्या मेडिकलला गेला. तिथे उजवा डोळा झाकल्यावर कळलं की डाव्याने तक्त्यावरची पहिली ओळच जेमतेम दिसते. तोपर्यंत घरात कोणालाच पत्ता नव्हता, त्याला स्वतःलाही! एका डोळ्याचं जग त्याला पूर्णच वाटत होतं. नोकरी गेली. डॉक्टर म्हणाले, पाचव्या वर्षी आला असतास तर...

बरं, हे ज्ञान काही कालपरवाचं नाही. १७४३ साली, म्हणजे पुण्यात नानासाहेब पेशवे असताना, फ्रान्समध्ये ब्युफाँ नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की तिरळ्या माणसाचे दोन डोळे बहुधा सारख्या ताकदीचे नसतात, म्हणून चांगला डोळा झाका आणि कमजोर डोळ्याला काम करायला लावा. आजची 'पट्टी' ती हीच.

२६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनमध्ये डिफेनबाख या सर्जनने सात वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याचा आतला स्नायू कापून डोळा सरळ केला. भूल द्यायचं तंत्र यायला अजून सात वर्षं होती, त्यामुळे त्या पोराचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. मग युरोपात या ऑपरेशनची लाटच आली. स्नायू पार तोडल्यामुळे कित्येकांचा आत वळलेला डोळा पुढे बाहेर वळला. शिवाय डोळा सरळ झाला म्हणजे दिसायला लागला असं नाही. ही गल्लत आजही होते. 'ऑपरेशन लग्नाआधी करून टाकू' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

१८६४ मध्ये हॉलंडच्या डोंडर्सने दाखवलं की आत वळणाऱ्या बऱ्याच डोळ्यांमागे प्लस नंबर असतो, आणि अशा काही मुलांचा डोळा नुसत्या चष्म्याने सरळ होतो. गंमत बघा, त्याच दशकात मुंबईत भायखळ्याला सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून डोळ्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं, आणि त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळला पोचली. रस्ता होता. पण जो डोळा दुखत नाही, त्याच्यासाठी मुंबईला कोण जाणार? देवीच्या रोगाने पोरांचे डोळे जात होते, तिथे तिरळेपणाचं काय घेऊन बसलात!

मग घाई का करायची, याचं उत्तर १९६० च्या दशकात मिळालं. ह्युबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे शिवून ठेवला. टाके काढले, डोळा ठणठणीत, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला ओळखेनात. मोठ्या मांजरावर तसा परिणाम झाला नाही. (वाचताना पोटात ढवळतं, हे खरं.) १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं.

आपल्याकडे अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ चा. त्याचा जोर मोतीबिंदूवर होता, आणि ते बरोबरच होतं. १९९४ पासून शाळांमध्ये डोळे तपासणी आली, पण सुरुवातीला भर १० ते १४ वयाच्या मुलांवर. चष्म्याचा नंबर शोधायला ठीक, आळशी डोळ्यासाठी उशीर. (अगदी दारं बंद होत नाहीत. ७ ते १२ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना उपचाराने फायदा झाल्याचं २००५ च्या एका अमेरिकन चाचणीत दिसलं. पण लवकर ते लवकर.) फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन मुलं तपासायची असतात. वय अगदी बरोबर पकडलंय.

औषधही स्वस्त. मध्यम आळशी डोळ्याला दिवसातून दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच चालते, हे २००३ मध्येच सिद्ध झालं. पण ती रोज लावायची, महिनोन् महिने, आणि अधूनमधून डॉक्टरला दाखवायचं. आता चोपडा, यावल, शिरपूरच्या वरच्या अंगाला सातपुड्यातले पाडे बघा. दिवाळीनंतर कित्येक घरं ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. पोरं बरोबरच. अंगणवाडीच्या वहीत नाव इथे, पोर फडावर. पथक आलं तेव्हा ते नव्हतं. असलं तरी पट्टीचे महिने नेमके हंगामात जातात, आणि चार वर्षांचं पोर तोवर पाचाचं होतं.