धुक्याचा हिशेब

नोव्हेंबरात भल्या पहाटे हीथ्रोला उतरलेल्यांना हे धुकं ओळखीचं असेल. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, आणि अचानक चाकं टेकतात. ही करामत यंत्राची, आणि तिच्यामागे सुरक्षिततेइतकाच पैशाचाही विचार होता. धुक्यामुळे विमान भलतीकडे उतरलं की प्रवाशांच्या बसगाड्या, हॉटेलं, चुकलेली पुढची विमानं, सगळा खर्च कंपनीच्या माथी. म्हणून ब्रिटिश युरोपियन एअरवेजने स्वयंचलित अवतरणाचा ध्यास घेतला. १० जून १९६५ला पॅरिसहून आलेलं त्यांचं ट्रायडंट विमान प्रवाशांसह हीथ्रोवर आपोआप टेकलं. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला त्याच कंपनीचं व्हॅनगार्ड विमान एडिंबराहून आलं. त्यात ही सोय नव्हती. धुक्यात उतरणं जमेना, म्हणून पुन्हा वर जाताना ते कोसळलं. आतले ३६ही जण गेले.

यंत्र आलं, तरी उतरायचं की नाही हे ठरवायला माणूसच उरला. २१ नोव्हेंबर १९८९ची गोष्ट. ब्रिटिश एअरवेज खासगी होऊन जेमतेम पावणेतीन वर्षं झाली होती. कंपनीचं 'नोव्हेंबर ऑस्कर' म्हणून ओळखलं जाणारं बोइंग ७४७ बहारीनहून २५५ प्रवासी घेऊन निघालं. मुक्कामातच कर्मचाऱ्यांची पोटं बिघडली होती. सहवैमानिक आजारी, शिवाय इतक्या दाट धुक्यात उतरण्यासाठीचं प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. नियमाने विमान दुसरीकडे न्यायला हवं होतं. कॅप्टन ग्लेन स्टुअर्ट यांनी रेडिओवरून कंपनीकडे खास सवलत मागितली, आणि ती मिळाली! इंधनही आता फार उरलेलं नव्हतं.

ऑटोपायलटने धावपट्टीच्या मध्यरेषेचा संकेत नीट पकडलाच नाही. विमान उजवीकडे सरकत बाथ रोडच्या बाजूला गेलं. वर उचलायला उशीर झाला. ते जमिनीपासून सुमारे ७५ फुटांवर आलं आणि रस्त्यालगतच्या पेंटा हॉटेलवरून थोडक्यात निसटलं. दुसऱ्या प्रयत्नात ते सुखरूप उतरलं. कुणाला खरचटलंही नाही.

१९९१मध्ये आयलवर्थच्या न्यायालयात स्टुअर्ट यांच्यावर खटला चालला. निष्काळजीपणाने विमान आणि प्रवासी धोक्यात घातल्याबद्दल ज्यूरीने बहुमताने त्यांना दोषी धरलं. दंड २,००० पौंड. उतरणं वेळीच सोडून द्यायला हवं होतं हे खरंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तो प्रयत्न ज्या सवलतीमुळे होऊ शकला, ती देणारं कुणीही पिंजऱ्यात नव्हतं. 'काहीही करून उतरवा' असा हुकूम कंपनीला द्यावाच लागत नाही. वळवलेल्या विमानाचा खर्च प्रत्येक कॅप्टनला ठाऊक असतो, आणि मागितलेली सवलत मिळाली की तोच कौल वाटतो. माझ्या मते खर्चाचं दडपण असं, न बोलता, येतं.

डिसेंबर १९९२मध्ये स्टुअर्ट यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या पहाटेला तीन वर्षं आणि काही दिवस झाले होते.