ट्रामचा प्रवाह आणि अलिबागचे चुंबक

कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली, तेव्हा तिचे मुख्य साधन धाग्याला टांगलेली चुंबकपट्टी हेच होते. चुंबकीय क्षेत्रात चढउतार झाला की पट्टी किंचित वळे आणि त्या वळणाचा कोन वाचून नोंद केली जाई. मुंबईत हे क्षेत्र 40,000 नॅनोटेस्लांच्या घरात असते आणि 2 सप्टेंबर 1859 च्या सौरवादळात त्याचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी घसरल्याचे कुलाब्याने टिपले. टांगलेल्या पट्टीवर हे साधले, हे विशेषच म्हणावे लागेल.

या मोजणीवर संकट आले ते विजेचे. ट्राम विजेवर चालवण्याची योजना पुढे आली, आणि रुळांतून परतणारा प्रवाह जमिनीत झिरपून स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, हे ठाऊक असल्याने वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय काम अलिबागला हलवले. तेथील इमारतीसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरण्यात आला, आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून 1904 ते 1906 या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवण्यात आली. विद्युत ट्राम 1907 मध्ये धावली. दूरदृष्टीचे असे उदाहरण सरकारी कारभारात विरळाच.

चुंबकत्व मोजण्यासाठी विजेलाच कामाला लावता येते, याची खूण मात्र त्याआधीच मिळालेली होती. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांना 1857 मध्ये आढळले की लोखंड व निकेल यांचा विद्युतरोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, चुंबकनाच्या दिशेत वाढतो आणि तिला काटकोनात कमी होतो. हा फरक फारच थोडा असल्याने तो दीर्घकाळ प्रयोगशाळेतच राहिला. खरी उडी 1988 मध्ये घडली: ऑर्से येथे आल्बेर फेर यांच्या गटाने लोखंड आणि क्रोमियम यांचे जेमतेम काही अणूंच्या जाडीचे थर एकावर एक रचले, तर युलिश येथे पेटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे तोच परिणाम पाहिला. प्रत्येक इलेक्ट्रॉनला फिरकी, म्हणजे अंगभूत चुंबकीय दिशा, असते. शेजारच्या लोहथरांची चुंबकने समांतर असली की एका फिरकीचे इलेक्ट्रॉन सर्व थरांतून सहज जातात. ती परस्परविरुद्ध असली की दोन्ही फिरकींच्या इलेक्ट्रॉनांना कुठल्या ना कुठल्या थरात अडखळावे लागते आणि रोध वाढतो. क्रोमियमची जाडी नेमकी साधली की लोहथर आपोआप विरुद्ध दिशांना वळतात, आणि बाहेरचे क्षेत्र त्यांना एका दिशेला आणते. ऑर्सेच्या अतिशीत नमुन्यात त्यामुळे रोध जवळजवळ निम्म्यावर आला. 1997 पासून संगणकाच्या हार्ड डिस्कमधील सूक्ष्म चुंबकीय ठिपके याच परिणामाच्या आधारे वाचले जाऊ लागले, म्हणजे टांगलेल्या पट्टीच्या वळणाऐवजी आता प्रवाहाची घटवाढ वाचायची होती.

मुंबईची ट्राम 1964 मध्ये कायमची बंद झाली, पण 1925 पासून विजेवर धावणाऱ्या लोकलगाड्या तोवर शहरभर पसरलेल्या असल्याने चुंबके कुलाब्याला परतली नाहीत. अलिबागची नोंद अखंड चालू आहे.