दुष्काळ-सौम्यीकरण

दुष्काळ टाळता येत नसला, तरी त्याची तीव्रता व त्यामुळे होणारी मनुष्यहानी, पशुहानी आणि उपजीविकेची हानी कमी व्हावी म्हणून योजलेल्या उपायांस दुष्काळ-सौम्यीकरण म्हणतात. ‘सौम्यीकरण’ ही संज्ञा इंग्रजीतील ‘मिटिगेशन’ या शब्दासाठी योजली जाते. मूळ शब्द ‘मऊ, सौम्य’ या अर्थाच्या ‘मिटिस’ या लॅटिन विशेषणापासून बनला आहे. विधिव्यवहारात तो शिक्षेची कठोरता कमी करणाऱ्या परिस्थितीस, तसेच करारभंगाचे नुकसान आटोक्यात ठेवण्याच्या प्रयत्नास उद्देशून वापरतात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये आपत्तीचा धोका, आघात वा परिणाम कमी करणाऱ्या उपायांस तो लावलेला आहे. मराठीत ‘निवारण’ हा शब्द अधिक रूढ आहे; तथापि निवारण म्हणजे संकट दूर सारणे, साहाय्य म्हणजे ते आल्यावर केलेली मदत आणि सौम्यीकरण म्हणजे त्याची झळ आधीच कमी करणे, असा अर्थभेद करता येतो. महाराष्ट्रातील दुष्काळांच्या इतिहासात हा भेद क्रमाक्रमाने स्पष्ट होत गेलेला दिसतो.

ब्रिटिशपूर्व काळात शेतसाऱ्यात सूट वा तहकुबी, बी-बियाणे व बैलांसाठी तगाई आणि ओसाड पडलेली गावे पुन्हा वसविण्यासाठी चढत्या साऱ्याचे कौल हे उपाय प्रचलित होते. बहमनी अमलात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे रयतेला खुली केल्याची कथा प्रसिद्ध आहे. हे उपाय राज्यकर्त्यांच्या वा अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असत. रयतेला त्यांवर हक्क सांगता येत नसे.

१८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई, मद्रास, म्हैसूर व हैदराबाद हे प्रदेश होरपळले. खर्चात काटकसर व्हावी म्हणून सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून साहाय्य कामांवरील मजुराचे रोजचे धान्य १ पौंडापर्यंत (सुमारे ४५० ग्रॅम) खाली आणण्यात आले. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी १८७७ च्या प्रारंभी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली, तर सत्यशोधक समाजाने दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय केली. या दुष्काळात ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक लोक दगावले, असा दुष्काळ आयोगाचा अंदाज होता.

रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १८८० मध्ये अहवाल सादर केला. त्यावरून १८८३ मध्ये हंगामी दुष्काळ संहिता तयार झाली व पुढे प्रांतोप्रांतीच्या संहिता बनल्या. धट्ट्याकट्ट्यांना काम, अपंग व वृद्धांना धर्मादाय मदत, सारातहकुबी आणि कर्जे ही त्यांची मुख्य अंगे होत. पीकपाण्यावर नजर ठेवणे व प्रथम चाचणी कामे काढणे, ही त्यांतील पद्धती विशेष महत्त्वाची ठरली. कारण कामावर येणाऱ्यांच्या संख्येवरून संकटाची तीव्रता वेळीच कळू शके. मात्र धान्यव्यापारात हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व कायम राहिले आणि संहितेची अंमलबजावणी अधिकाऱ्यांच्या हाती राहिली.

१८९६–९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी केसरीतून संहितेतील तरतुदी लोकांना समजावून सांगितल्या. पीक बुडालेल्या रयतेने साऱ्याची सूट वा तहकुबी मागावी, असा आग्रह धरला. सार्वजनिक सभेच्या प्रतिनिधींनी गावोगाव हाच प्रचार केला. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. शासकीय मार्गदर्शनासाठी केलेली संहिता रयतेच्या मागणीचा आधार बनू शकते, हे या चळवळीने दाखविले. १८९९–१९०० च्या दुष्काळात पुन्हा मोठी मनुष्यहानी झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६३ च्या एका अधिनियमान्वये महाराष्ट्रातील कायद्यांतून ‘दुष्काळ’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा वगळून तिच्या जागी ‘टंचाई’ या अर्थाची संज्ञा घालण्यात आली. अन्नावाचून माणसे मरू न देण्याची शासनाची जबाबदारी त्यामागे गृहीत धरलेली होती. परंतु संज्ञा सौम्य झाल्याने संकट सौम्य झाले नाही. १९७०–७३ च्या अवर्षणाने याची प्रचीती आणून दिली. १९७३ च्या उन्हाळ्यात साहाय्य कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत पोहोचली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव व बांधबंदिस्ती ही कामे निघाली. मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले. जनावरांची हानी मात्र टळली नाही.

या अनुभवाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या प्रेरणेने रोजगार हमी योजना आकारास आली आणि १९७७ मध्ये तिचा अधिनियम संमत झाला. काम मागणाऱ्या प्रौढ ग्रामीण व्यक्तीस १५ दिवसांत काम व ते न मिळाल्यास बेकारी भत्ता, अशी तरतूद त्यात होती. दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता काम मागता येऊ लागले. २००५ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या ग्रामीण रोजगार हमी अधिनियमास हा पूर्वानुभव उपयोगी पडला.

दुष्काळ ठरविण्यासाठी दीर्घकाळ आणेवारी व नंतर पैसेवारी ही पिकाच्या अंदाजाची पद्धती मुख्य होती. तिचे निष्कर्ष हंगाम हातचा गेल्यावर हाती येत. २०१६ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेने पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा व उपग्रहाद्वारे कळणारी वनस्पतींची स्थिती यांसारखे निर्देशांक पुढे आणले. तथापि हे निर्देशांक संकट लवकर ओळखण्याचे साधन होत. लवकर मिळालेल्या सूचनेवरून पाणी, चारा व काम यांची सोय वेळेवर झाली, तरच दुष्काळाचे सौम्यीकरण झाले असे म्हणता येते.