साडेआठ ते साडेआठ

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. 26 जुलै 2005 चा मुंबईतला मंगळवार त्याच मापाने पाहू. सोबत कलिन्यातलं तळमजल्यावरचं एक घर धरू. त्या दिवशी अशी हजारो घरं होती. बाबा फोर्टातल्या ऑफिसात, मुलगी वांद्र्याला कॉलेजात, घरी आई आणि गुडघ्यांनी जायबंदी झालेली आजी.

सकाळी 8.30
पाऊस जेमतेम. डबे भरले, छत्र्या निघाल्या. 'आज अडकलो तर कुठे थांबायचं?' हे कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुपारी 12.00
आभाळ भरून आलंय, पण जुलैत त्याचं कौतुक कुणाला? आई दोरीवरचे कपडे आत घेते. विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी घेऊन येणारी मिठी नदी इथून फार लांब नाही. तिला सगळे नालाच म्हणतात.

दुपारी 2.30
पाऊस कोसळू लागतो. पुढच्या एका तासात सांताक्रूझला 190 मिलिमीटर पडणार आहे. शहराची गटारं बांधलेली आहेत तासाला 25 मिलिमीटरसाठी, तीही ओहोटी असताना.

घरातली पहिली खूण मोरीत दिसते: पाणी जायचं सोडून वर येऊ लागतं. घराला खरी मुदत मिळते ती इथून. मेन स्विच पाडायचा, गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं आणि आजीच्या गोळ्या एका पिशवीत घालायच्या आणि आजीला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे न्यायचं. आई आधी टीव्ही उचलते, मग फ्रिजखाली विटा सरकवते. गोळ्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात आहेत.

दुपारी 3.50
भरती, 4.48 मीटर. समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडांच्या वर चढते. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, वरून मात्र ते येतच आहे. उंबरठा बुडाला. आता आजीला जिना चढवायचा तर दोन माणसं हवीत, आणि घरात आई एकटी.

दुपारी 4.30
लोकल ठप्प. फोर्टात मात्र रस्ते नुसते ओले आहेत. कुलाब्याची दिवसभराची नोंद 75 मिलिमीटरच्या आतच राहणार आहे. खिडकीबाहेर बघून बाबांना वाटतं, एवढ्याशा पावसाचं काय, जाऊ हळूहळू. घरचा फोन लागत नाही म्हणून काळजी वाढते, काळजीपोटी ते निघतात. कोरड्या, दिवे असलेल्या इमारतीतून बाहेर पडतात ते थेट पाण्याच्या दिशेने. त्या दिवशी लाखो माणसांनी हेच केलं. घर गाठण्याची ओढ वाईट म्हणवत नाही, पण त्या संध्याकाळी तीच जिवावर बेतली.

संध्याकाळी 7.00
उपनगरांत अंधार. मोबाइल मुके, कित्येक लँडलाइनही बंद. रस्त्यावर गाड्या तरंगू लागल्यात. काच खाली होईना, दार उघडेना, म्हणून काही माणसं आपल्याच गाडीत गुदमरून गेली. कंबरभर पाण्यात उघडं मॅनहोल दिसत नाही. कॉलेजातून निघालेली मुलगी एका अनोळखी घराच्या जिन्यावर बसून आहे. ती सुखरूप आहे, पण हे घरी कुणालाच ठाऊक नाही.

मध्यरात्र
रुळांवरून माणसांच्या रांगा चालल्यात. वस्त्यांतले लोक चहा-बिस्किटं घेऊन उभे आहेत. वरच्या मजल्यावरचे दोन मुलगे आजीला खुर्चीसकट उचलून नेतात. गोळ्यांचा लगदा झालाय.

सकाळी 8.30
सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांचा आकडा मांडला जातो: 944 मिलिमीटर. राज्यभरात त्या पुरात हजाराहून अधिक माणसं गेली. आपल्या घरातली चौघंही वाचली, त्यात शहाणपणापेक्षा नशीब जास्त.

मग या घराने दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला. आपत्तीची पिशवी वरच्या फळीवर, हे त्यात आहेच: गोळ्या, बॅटरी, सेलवरचा रेडिओ, पाण्याची बाटली, कागदपत्रं. पण पहिल्या तीन ओळी वस्तूंच्या नाहीत, माणसांच्या आहेत. मोरीतून पाणी उलटलं की आजी आधी वर, टीव्ही नंतर. जो जिथे कोरड्यात असेल त्याने तिथेच राहायचं, रात्र झाली तरी. आणि एकमेकांना फोन लावत बसायचं नाही. ज्याला लागेल त्याने पुण्याच्या मावशीला लावायचा, कोण कुठे आहे ते तिच्याकडे कळेल.

दर जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला एक फोन जातो. "मावशी, नंबर तोच आहे ना?"